नकाशावर हिरवं, पण पिंग जात नाही: एटीएम नेटवर्क सॉफ्टवेअरवरून कसं पाहावं आणि कसं बदलावं

प्रश्न सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नेटवर्क लॅबच्या प्रमुख मॅडमचा आहे. थोडक्यात असा: एका कंपनीने जुने दोन एटीएम स्विच लॅबला देणगी म्हणून दिले, सोबत व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर असलेला एक जुना संगणक. सॉफ्टवेअर चालू होतं. नकाशावर पहिला स्विच हिरवा दिसतो, त्यातून एक अर्धवट रेघ बाहेर पडते, पण दुसरा स्विच उमटतच नाही. पहिल्या स्विचवर एका पोर्टच्या ०/५० वरून दुसऱ्या पोर्टच्या ०/६० वर जाणारी पीव्हीसी (आधीच ठरवून ठेवलेली कायमची आभासी जोडणी) माउसनेच टाकली, ती ‘अप’ दाखवते, तरी एका टोकाच्या संगणकावरून दुसऱ्या टोकाला पिंग (पोचतंय का पाहायचा चाचणी-संदेश) जात नाही. आता सगळं सॉफ्टवेअरवरूनच करायचं की सरळ कमांड लाइनला जायचं?

मॅडम, आधी उत्तर देतो, मग कारणं. पाहायचं सॉफ्टवेअरवरून, पहिल्या काही पीव्हीसी टाकायच्या कमांड लाइनवरून. दोन्हीचा मेळ बसू लागला की मग टाकणंही सॉफ्टवेअरकडे द्या. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. तो नकाशा म्हणजे नेटवर्क नव्हे. स्विचने विचारल्यावर जे सांगितलं ते सॉफ्टवेअरने आपल्या समजुतीप्रमाणे रंगवलेलं असतं. कुणी काय विचारलं आणि स्विचने काय सांगितलं, हे कळलं की हिरव्या रंगावरचा आंधळा विश्वास आपोआप जातो.

(वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच, की इथलं एटीएम पैसे काढायचं नाही. ५३ बाइटच्या ठरीव सेलमधून माहिती वाहणारं जे तंत्र नव्वदच्या दशकात टेलिकॉममध्ये सगळीकडे होतं, ते. ५ बाइट शीर्षक, ४८ बाइट माल.)

दुसऱ्या स्विचपासून सुरू करू. सॉफ्टवेअरला तुम्ही फक्त एका स्विचचा आयपी दिला असणार. शेजारी कोण, हे ते त्या स्विचलाच विचारतं. एटीएमच्या प्रमाणित एमआयबीमध्ये (उपकरणाला काय काय विचारता येतं याची ठरीव यादी), म्हणजे १९९४ च्या आरएफसी १६९५ या मानक दस्तऐवजामध्ये आणि तिची जागा घेणाऱ्या १९९९ च्या आरएफसी २५१५ मध्ये, प्रत्येक पोर्टसाठी एक रकाना आहे: या तारेच्या पलीकडे जो बसलाय त्याचा व्यवस्थापनाचा आयपी कोणता. स्विचला हा आयपी बहुधा आयएलएमआयकडून कळतो. आयएलएमआय म्हणजे दोन शेजाऱ्यांनी एकमेकांशी व्हीपीआय ०, व्हीसीआय १६ वर बोलायची भाषा. (या दोन क्रमांकांनी तारेवरची जोडणी ओळखली जाते, ‘०/५०’ हे त्यांचंच थोडक्यात लिहिणं.) गंमत म्हणजे ती भाषाही एसएनएमपीच आहे, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर स्विचला ज्या भाषेत विचारतं तीच, फक्त आयपीच्या ऐवजी थेट एटीएमवरून जाणारी. तर तुमची अर्धवट रेघ सांगते की पोर्ट जिवंत आहे, पण पलीकडच्याचा पत्ता मिळालेला नाही, किंवा मिळाला तरी तिथून उत्तर येत नाही.

यात चार शक्यता येतात आणि त्या याच क्रमाने तपासा. पहिली, आयएलएमआय त्या तारेवर उठलेलंच नाही. स्विचच्या कन्सोलवर (थेट केबल लावून उघडणारी कमांड लाइन) आयएलएमआयची स्थिती पाहिली की लगेच कळतं. दुसरी, आयएलएमआय ठीक आहे पण दुसऱ्या स्विचला व्यवस्थापनाचा आयपी कुणी दिलेलाच नाही, त्यामुळे रकान्यात ०.०.०.० येतं. देणगीत आलेल्या उपकरणांत माझा पहिला संशय इथेच जातो, कारण देणारे बहुधा आपली कॉन्फिगरेशन पुसूनच देतात. तिसरी, आयपी आहे, पण तुमच्या संगणकाला तिकडे जायचा रस्ता नाही. चौथी, आयपी आणि रस्ता दोन्ही आहेत, पण कम्युनिटी, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द, जुळत नाही. या चौथ्या शक्यतेने भलेभले फसतात. कम्युनिटी चुकली तर स्विच ‘चुकली’ असं सांगत नाही, गप्प बसतो. सॉफ्टवेअरला फक्त टाइमआउट दिसतो, आणि बंद पडलेला स्विच व रुसलेला स्विच नकाशावर सारखेच दिसतात.

आता माझा आग्रह. सॉफ्टवेअरच्या बाजूला लिनक्सचा कुठलाही जुना लॅपटॉप ठेवा, त्यावर नेट-एसएनएमपी ही साधनं टाका, आणि मुलांना नकाशा उघडायच्या आधी एसएनएमपीवॉक, म्हणजे स्विचला एकेक रकाना ओळीने विचारत जाणारी कमांड, करायला लावा. एटीएमचं झाड १.३.६.१.२.१.३७ इथून सुरू होतं. वॉक केलं की शेकडो ओळी धबाधबा येतात, पोरं घाबरतात, पण त्यातली एकच ओळ नीट वाचून दाखवा. व्हीसीएलच्या, म्हणजे पोर्टवरच्या एकेका जोडणीच्या, तक्त्यातल्या ओळीच्या शेवटी समजा ५.०.५० आहे. म्हणजे इंटरफेस क्रमांक ५, व्हीपीआय ०, व्हीसीआय ५०. बस्स, सॉफ्टवेअरच्या खिडकीत ‘पोर्ट अमुक, ०/५०’ असं जे सुबक दिसतं ते या शेपटीतून बनलेलं आहे. आणि तो ५ म्हणजे स्विचच्या पत्र्यावर छापलेला पोर्ट नंबर नव्हे, तो आयएफइंडेक्स, म्हणजे स्विचने आपल्या हिशेबात त्या इंटरफेसला दिलेला क्रमांक. अनेक जुन्या उपकरणांत कार्ड काढलं, दुसरं लावलं, स्विच पुन्हा सुरू केला की हे क्रमांक सरकतात. सॉफ्टवेअरने मात्र जुनी नोंद जपून ठेवलेली असते. मग तुम्ही पडद्यावर एका पोर्टवर काम करता आणि प्रत्यक्षात बदल शेजारच्या पोर्टवर होतो. म्हणून कार्डाला हात लावला की सॉफ्टवेअरमध्ये तो स्विच पुन्हा नव्याने शोधून घ्यायचा, हा नियमच करा.

आता पीव्हीसी. पडद्यावर तुम्ही एक रेघ ओढता, पण आत काय घडतं ते पाहा. आधी दोन वाहतूक-वर्णनं तयार होतात, म्हणजे किती सेल जाऊ द्यायचे, कुठल्या वर्गात. मग एका पोर्टवर ०/५० ची ओळ आणि दुसऱ्या पोर्टवर ०/६० ची ओळ बनते. मग सॉफ्टवेअर स्विचकडे क्रॉस-कनेक्टसाठी मोकळा क्रमांक मागतं, त्या क्रमांकाने दोन ओळी एकमेकींना जोडतं, आणि शेवटी जोडणीची प्रशासकीय स्थिती ‘अप’ करतं. यातली एखादी पायरी मध्येच अडली तर अर्धवट ओळी स्विचवर तशाच राहतात. तुम्ही पुन्हा प्रयत्न केला की ‘हे आधीच वापरात आहे’ असा निरोप येतो आणि डोकं खाजवत बसावं लागतं. अशा वेळी कन्सोलवरून त्या उरलेल्या ओळी काढायच्या आणि मगच पुन्हा सुरुवात करायची.

तुम्हाला दिसणारी ‘अप’ कुठली आहे हेही पाहा. प्रशासकीय स्थिती म्हणजे तुम्ही काय मागितलं, कार्यकारी स्थिती म्हणजे प्रत्यक्ष काय आहे. काही सॉफ्टवेअर यादीत पहिलीच दाखवतात. त्यातही कार्यकारी स्थिती दोन दिशांची वेगवेगळी नोंदलेली असते: कमी क्रमांकाच्या पोर्टकडून जास्तीकडे, आणि उलट. एका दिशेला गडबड असली तरी यादीतला ठिपका हिरवा असू शकतो. पिंगला जायला एक दिशा आणि यायला दुसरी लागते. तेव्हा ओळीवर दोनदा क्लिक करून तपशील उघडा आणि दोन्ही दिशा बघा.

आणि मॅडम, तुम्ही लिहिलंय ‘पहिल्या स्विचवर पीव्हीसी टाकली’. दुसऱ्या स्विचवर? व्हीपीआय आणि व्हीसीआय हे त्या त्या तारेपुरते असतात, पुढच्या तारेवर नवे. पहिल्या स्विचने ०/६० वर सेल सोडले, पण दुसऱ्या स्विचला ०/६० वर येणाऱ्या सेलचं काय करायचं हे माहीतच नसेल तर तो ते टाकून देतो. पहिला स्विच बिचारा खरंच सांगतोय, त्याच्या घरात सगळं अप आहे. दुसरा स्विच तुमच्या नकाशावरच नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरलाही टोकापासून टोकापर्यंतचा मार्ग ठाऊक नाही. माझ्या मते तुमचं पिंग इथेच अडलंय. दुसरा स्विच नकाशावर आणा, त्यावर आत ०/६० आणि बाहेर तुमच्या संगणकाकडे जो क्रमांक हवा तो अशी जोडणी करा, मगच बाकीचं बघा.

क्रमांक निवडताना व्हीसीआय ३१ पर्यंतचे सोडून द्या, ते राखीव आहेत: ५ सिग्नलिंगला, १६ आयएलएमआयला, १७ लॅन एम्युलेशनच्या (एटीएमवर इथरनेटसारखं जाळं भासवण्याच्या) कॉन्फिगरेशनला, १८ पीएनएनआयला (स्विचनी आपसात रस्ते शोधायच्या पद्धतीला). वरच्या बाजूलाही मर्यादा असते. पोर्ट व्हीपीआय-व्हीसीआयचे किती बिट वापरणार हे दोन्ही टोकांत ठरतं, त्याच्या बाहेरचा क्रमांक दिला की ओळ बनत नाही, आणि सॉफ्टवेअर बहुतेकदा कारण न सांगता ‘सेट अयशस्वी’ एवढंच म्हणतं. असाच निरोप लेखनाची कम्युनिटी चुकली तरी येतो. पाहता येतंय पण बदलता येत नाही, असं झालं तर आधी तीच तपासा. वाचनाची आणि लेखनाची कम्युनिटी वेगळी असते.

सोलापुरातल्या मुलांना व्हीपीआय-व्हीसीआय समजवायला एक सोपी वाट आहे. घरी तांब्याच्या तारेवरचं बीएसएनएलचं ब्रॉडबँड असताना मोडेममध्ये ०/३५ भरावं लागायचं, ते हेच. एखाद्या पोराच्या माळ्यावर जुना एडीएसएल मोडेम नक्की पडला असेल. तो चालू करून त्याचं पान उघडा: पीव्हीसी, एलएलसी (पाकीट गुंडाळायची एक पद्धत), यूबीआर (दराची हमी नसलेला वाहतुकीचा वर्ग), सगळे शब्द तिथे आहेत. फायबर आल्यावर हे लोक विसरले, पण तोवर अर्ध्या गावाच्या घरात एटीएम नांदत होतं.

वाहतुकीच्या वर्गाकडे आता वळू, कारण इथे सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त घोळ घालतं. पीसीआर म्हणजे कमाल सेल-दर. हा आकडा काही खिडक्या सेल प्रतिसेकंद मागतात, काही किलोबिट प्रतिसेकंद, आणि एकक कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. एक सेल ४२४ बिटांचा. दोन मेगाबिट हवे असतील तर साधारण ४,७१७ सेल प्रतिसेकंद भरायला हवेत. कुणी किलोबिट समजून २००० भरले आणि रकाना सेलचा असला, तर मिळतात फक्त ८४८ किलोबिट. बाहेरून ओरड येते ‘लाइन स्लो आहे’, आणि नकाशा हिरवागार.

याहून वाईट म्हणजे पोलिसिंग. ठरलेल्या दरापेक्षा जास्त आलेले सेल स्विच टाकून देऊ शकतो. आता १,५०० बाइटचं एक आयपी पाकीट घ्या. त्यावर एलएलसी-स्नॅपचे ८ आणि एएएल५ चे (पाकिटाचे सेल पाडणाऱ्या थराचे) ८ बाइट चढले की ते ३२ सेलमध्ये मावतं. या ३२ पैकी एक जरी सेल गळाला तरी पूर्ण पाकीट फुकट. शंभरात एक सेल सुटासुटा गळत असेल, तर मोठ्या पाकिटांपैकी सत्तावीस-अठ्ठावीस टक्के मरतात. तेवढ्याच गळतीत विंडोजचं साधं पिंग, जे दोनच सेलमध्ये बसतं, शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा पोचतं. ‘पिंग जातंय पण फाइल उतरत नाही’ ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती ऐकली की मी आधी टाकून दिलेल्या सेलचा काउंटर उघडतो. स्विचमध्ये पाकीट ओळखून पूर्ण पाकीट टाकायची सोय असेल, ईपीडी म्हणतात तिला, तर यूबीआर पीव्हीसींवर ती चालू ठेवा. लॅबमध्ये सुरुवातीला सगळं यूबीआरच ठेवा, सीबीआर-व्हीबीआर, म्हणजे ठरीव आणि बदलत्या दराचे वर्ग, नंतर.

पिंगच्या आधी ओएएम लूपबॅक, म्हणजे एटीएमची स्वतःची जाऊन-परत यायची चाचणी, करा. एफ५ चा, म्हणजे एकाच जोडणीपुरता, चाचणीचा सेल त्याच व्हीसीवरून (आभासी जोडणीवरून) जातो आणि परत येतो. आयपी, एआरपी, एन्कॅप्सुलेशन (पाकीट गुंडाळायची पद्धत) यांचा त्यात संबंधच नाही. सॉफ्टवेअरमध्ये पीव्हीसीवर उजवं क्लिक केलं की ही सोय बहुधा सापडते, नाहीतर कन्सोलवर असते. ओएएम परत येतो पण पिंग नाही, याचा अर्थ एटीएम ठीक आहे. मग टोकांकडे बघा: एकीकडे एलएलसी-स्नॅप आणि दुसरीकडे व्हीसी-मक्स ही वेगळी गुंडाळणी तर नाही ना, आयपी पत्ता त्या व्हीसीशी जोडलाय ना. ओएएमच परत येत नसेल तर पिंगवर वेळ घालवू नका.

भौतिक थराचं थोडक्यात. फायबरवर बिट मांडायच्या दोन पद्धती: भारतात तार एसडीएचची, अमेरिकी उपकरणाची मूळ सेटिंग सोनेटची. दोन्हीकडे एकच ठेवा. घड्याळ, म्हणजे बिट पाठवायचा ताल, एका टोकाला स्वतःचं, दुसऱ्या टोकाला तारेवरून घेतलेलं. एचईसी चुका (सेलच्या शीर्षकातल्या चुका) वाढताना दिसल्या तर फायबरचं टोक पुसा, जोडणी बघा. यावर अख्खा तास घालवायची गरज नाही.

आलेख हा मात्र नीट समजून घेण्यासारखा भाग आहे. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी काउंटर वाचून आलेख काढतं आणि तो सुंदर दिसतो. १५५ मेगाबिटच्या तारेवर सेलसाठी १४९.७६ मेगाबिट उरतात. तार भरून वाहत असेल तर बाइटचा ३२ बिटी काउंटर जेमतेम पावणेचार मिनिटांत भरून पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला ते कळतच नाही, आणि सगळ्यात व्यस्त तासाला आलेख खाली घसरलेला दिसतो. ६४ बिटी काउंटर असतील तर एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीने तेच वाचा. नसतील तर दर मिनिटाला वाचा, किंवा सेलचा काउंटर वापरा. पूर्ण भरलेल्या तारेवरही तो भरायला तीन तासांहून जास्त लागतात. स्विच किती दिवस चालू आहे हा आकडाही ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. ते पाहून ‘रात्री कुणीतरी रिबूट केलं’ असा शोध लावणारे सापडतात.

रिबूटवरून आठवलं. सॉफ्टवेअरने केलेला बदल बहुतेक स्विचमध्ये चालू कॉन्फिगरेशनमध्ये जातो, कायमच्या स्मृतीत नाही. आपल्याकडे दुपारी लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, की संध्याकाळी पीव्हीसी गायब. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘जतन करा’ वेगळ्या मेनूत असतं, काहींत नसतंच. प्रॅक्टिकलच्या शेवटी कन्सोलवर जाऊन सेव्ह करायची सवय लावा, आणि कॉन्फिगरेशनची एक प्रत टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) बाहेर काढून ठेवा. उन्हाळ्याचंही बघा. अशा उपकरणांच्या माहितीपत्रकात कमाल तापमान बऱ्याचदा ४० अंश लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच तेवढं असतं, बंद लॅबमध्ये विचारायलाच नको. पंख्याचा आणि तापमानाचा ट्रॅप, म्हणजे स्विचने आपणहून पाठवलेली सूचना, सॉफ्टवेअरकडे येतोय ना, हे एकदा पंखा काढून खात्री करून घ्या. ट्रॅप यूडीपी १६२ वर येतो आणि पोचपावती नसते. हरवला तर हरवला, म्हणून फक्त ट्रॅपच्या भरवशावर राहू नका, पोलिंगही (सॉफ्टवेअरने ठरावीक वेळाने विचारणं) चालू असू द्या.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. व्यवस्थापनाची वाट वेगळी ठेवा, म्हणजे स्विचच्या इथरनेट पोर्टवरून. तुमचं सॉफ्टवेअर एटीएम तारेवरूनच दुसऱ्या स्विचपर्यंत पोचत असेल आणि तुम्ही तीच तार बंद केली, तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड. पुन्हा चालू करायला चावी घेऊन कन्सोलपाशीच जावं लागतं. लॅबमध्ये ते दहा पावलांवर असतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या ग्राहकाकडे रात्री जायचं म्हटलं की मग कळतं.

पीएनएनआय आणि लॅन एम्युलेशनच्या खिडक्या आत्ता बंदच ठेवा. दोन स्विचच्या जाळ्यात पीएनएनआयला दाखवण्यासारखं फार काही नाही. तिसरा स्विच मिळाला तर मजा येईल: सॉफ्ट पीव्हीसी टाका, म्हणजे फक्त दोन टोकं सांगायची, मधला रस्ता स्विच स्वतः शोधतात. मग एक तार उपटा आणि नकाशावर रस्ता बदलताना मुलांना दाखवा. सॉफ्टवेअरची खरी किंमत तिथे कळते. वीस स्विचचं जाळं कमांड लाइनवरून डोक्यात ठेवणं कुणालाच जमत नाही. लॅन एम्युलेशन शिकवायचंच असेल तर क्लायंट आधी कॉन्फिगरेशन सर्व्हरकडे, मग लॅन सर्व्हरकडे, मग ‘बस’ या सगळ्यांना पाकिटं वाटणाऱ्या सर्व्हरकडे जातो, एवढा क्रम दाखवा. आज ते कुणी नव्याने लावणार नाही, परीक्षेपुरतं ठीक.

कुणी विचारेल, हे सगळं आता कशाला. एटीएमचे स्विच भंगारात गेले, पण तारेपुरतं लेबल बदलत जाण्याची कल्पना एमपीएलएसमध्ये (लेबल लावून पाकिटं पुढे पाठवायच्या आजच्या तंत्रात) रोज चालते, आणि पोलिंग, ट्रॅप, काउंटर गुंडाळणं, आयएफइंडेक्स सरकणं हे सगळं आजच्या राउटरवरही तसंच आहे. फुकट मिळालेल्या दोन खोक्यांवर पोरांनी हात काळे केले तर नोकरीत पहिल्या आठवड्यात उपयोगी पडेल.

आता तुमचं काम. दुसऱ्या स्विचला कन्सोल केबल लावा, व्यवस्थापनाचा आयपी आणि वाचनाची कम्युनिटी द्या, सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा शोध चालवा. तो उमटला की त्यावर ०/६० ची जोडणी करा, ओएएम लूपबॅक करून बघा. तरी अडलं तर दोन्ही स्विचचा एसएनएमपीवॉक आणि आयएलएमआयची स्थिती मजकूर म्हणून पाठवा, पडद्याचे फोटो नकोत. कम्युनिटीचे शब्द तेवढे खोडून पाठवा.